वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या, तेही आमचा मेन बंद असताना

शीतल_सायबरचौक (धागाकर्ती)

मंडळी, जरा तातडीचं आहे. कोल्हापुरात सायबर चौकाजवळ आमची पाच मजली जुनी इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गेल्या आठवड्यापासून वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की चांगल्याच झिणझिण्या येतात. काल गीझरच्या स्टीलच्या नळालाही आल्या. वायरमनला बोलावलं. त्यानं मशीन दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं, तेच. मग आमचा मेनच पाडला. तरी बॉडीवर टेस्टर पेटतोय! म्हणाला, "वहिनी, करंट अर्थिंगमधनंच येतोय. हिरवी वायर कापून टाकतो, विषय संपला."

मी त्याला थांबवलंय. ह्यांचं म्हणणं कापू दे, सासूबाईंचं म्हणणं मशीनच विकून टाक. मला कळत नाही ते असं: आमच्याकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे, टेस्टचं बटण दाबलं की लगेच पडते. मग शॉक लागताना का पडत नाही? आणखी एक, सकाळी हे जोरात असतं, दुपारी जवळपास नाहीच.

पेठकर_जुना

मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीला फोन करा. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आजोबांच्या काळापासून टू-पिनवर सगळं चाललंय, अर्थिंग नावाची भानगडच नाही. आजवर कुणाला काही झालेलं नाही.

तारजोड

ताई, वायर कापू देऊ नका. आधी एवढं करा: मशीनचा प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, बटण फक्त फेज तोडतं. अर्थची पिन आत असेपर्यंत बॉडी हिरव्या वायरला जोडलेलीच राहते. गीझरचा आणि फ्रिजचाही प्लग काढा. सकाळच्या वेळी बाथरूममध्ये अनवाणी उभं राहून धातूच्या नळाला हात लावू नका, घरच्या सगळ्यांना सांगा.

वायरमन अर्धं बरोबर बोलला, करंट अर्थिंगमधूनच येतोय. पण तो तुमच्या घरात तयार होत नाहीये. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा एकच असणार आणि सगळ्या फ्लॅटच्या हिरव्या वायरी मीटररूममध्ये एका पट्टीला बांधलेल्या असणार. बघून सांगता का?

शीतल_सायबरचौक

प्लग काढले. खरंच थांबलं! मीटररूम पाहून आले. भिंतीवर एक गंजलेली पट्टी आहे, तिला खूप वायरी आहेत, काही हिरव्या, काही नुसत्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) तारा. पट्टी मागच्या बाजूला जमिनीत जाते. तिथे सिमेंटचं झाकण आहे, त्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्यांनाही फ्रिजला झिणझिण्या येतात. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात असतंच तसं." काय बोलावं!

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

सकाळी आहे, दुपारी नाही, हाच इथला धागादोरा आहे. सकाळी काय चालू असतं? गीझर. इमारतीतल्या कुठल्या तरी गीझरचं एलिमेंट फुटलंय आणि त्यातून करंट बॉडीत, बॉडीतून अर्थच्या वायरीत, तिथून खाली पट्टीवर येतोय. खड्डा चांगला असता तर तो जमिनीत गेला असता. खड्डा कोरडा आहे म्हणून पट्टीवरच व्होल्टेज चढतं, आणि पट्टीला तुम्ही सगळे बांधलेले. एकाच्या गीझरचा शॉक पाच मजल्यांना वाटला जातोय.

तुमची आरसीसीबी का पडत नाही ते आता पाहा. तिच्या आत एक रिंग असते, फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला तर ती गप्प बसते. फरक पडला, म्हणजे काही करंट भलतीकडून जमिनीत गेला, की पडते. तुम्हाला लागणारा करंट तुमच्या फेजमधून आलेलाच नाही. तो हिरव्या वायरीतून येतो, तुमच्यातून जमिनीत जातो, आणि हिरवी वायर त्या रिंगमधून जातच नाही. तुमच्या आरसीसीबीला ह्यातलं काही दिसत नाही. मेन पाडूनही उपयोग नाही, कारण मेन हिरवी वायर तोडत नाही. पडायला हवी होती ती ज्याचा गीझर फुटलाय त्याची, आणि त्याच्याकडे ती नसणार.

टेस्टच्या बटणाचंही सांगून ठेवतो. ते बटण आतल्या आत एका रेझिस्टन्समधून थोडा करंट रिंगला वळसा घालून नेतं. यंत्र जिवंत आहे एवढंच त्यानं कळतं. अर्थिंगचा एक इंचही त्यात तपासला जात नाही. अर्थिंग अजिबात नसलेल्या घरातही ते बटण दाबलं की आरसीसीबी पडते.

पेठकर_जुना

म्हणजे ताईंनी अर्थिंग केलं म्हणूनच शॉक लागला ना! मी म्हणतो तेच झालं. आमच्याकडे वायरच नाही तर येणार कुठून?

तारजोड

पेठकर, शेजाऱ्याचा येणार नाही, कबूल. पण तुमच्याच फ्रिजची वायर आत सोलली गेली तर पत्रा २३० व्होल्टवर जाईल, आणि कुणी हात लावेपर्यंत कळणारही नाही. आजोबांच्या काळी घरात काय होतं? बल्ब, पंखा, रेडिओ. पाण्याला चिकटून चालणारी यंत्रं, गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, ही नंतर आली.

टू-पिनवर काय चालतं ते यंत्रावरच छापलेलं असतं. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थ लागत नाही. ड्रिल मशीन, मोबाइलचा चार्जर बहुतेक ह्यातले. धातूची बॉडी आहे आणि ती खूण नाही, तर तिसरी पिन पाहिजेच. ती पिन लांब केलेली असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. तिसरी पिन मोडून टू-पिन सॉकेटमध्ये घातलेले प्लग मी गल्लोगल्ली पाहिलेत.

लॅपटॉपवाला

प्रश्न विचारू का? माझ्या लॅपटॉपच्या पत्र्यालाही चार्जिंग चालू असताना मुंग्या येतात. तोही शेजाऱ्याचाच का?

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

नाही. चार्जरमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी किंचित करंट बॉडीवर येतो. अर्थ मिळत नसला की तो बोटांना जाणवतो. टेस्टरही पेटतो, कारण टेस्टरला पेटायला नगण्य करंट पुरतो. म्हणूनच टेस्टरवर निकाल देऊ नये. त्रासदायक असतं, पण जिवावर बेतणारं नाही. थ्री-पिनचा चार्जर आणि नीट अर्थिंगचं सॉकेट वापरलंत की जाईल.

शीतलताई, वायरमनला मल्टिमीटर आणायला सांगा, टेस्टर नको. तुमचा मेन चालू ठेवून, मशीन न लावता, सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी मोजायचं.

नदीकाठचा

मी चिखलीचा. आमची नदीवर दहा एचपीची मोटर हाय. तुमचं वाचून शंका आली. मोटरीला दोन अर्थिंग पाहिजेत म्हणत्यात, ते खरं हाय का नुसतं बिल वाढवायचं? आमच्या फिटरनं दोन तारा दिल्यात, पण दोन्ही एकाच नटाखाली आन् एकाच खड्ड्यात.

तारजोड

दादा, खरं आहे, आणि जुनं आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होतं, २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही आलं. २५० व्होल्टच्या वर आणि ६५० पर्यंत चालणाऱ्या मोटरीच्या सांगाड्याला जमिनीशी दोन स्वतंत्र, वेगवेगळ्या जोडण्या पाहिजेत. मोटरीला, आणि स्टार्टरच्या पेटीलाही. एक तार गंजून तुटली तरी दुसरी राहावी हा हेतू. एका नटाखाली दोन तारा म्हणजे तो नट सैल झाला की दोन्ही गेल्या. मोटरीच्या दोन बाजूंना दोन बोल्ट घ्या आणि दोन तारा वेगवेगळ्या खड्ड्यांत न्या.

नदीकाठचा

बरं झालं विचारलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की आम्ही मोटर उचलतो. पण २०१९ ला आन् २०२१ ला स्टार्टर, केबल, पेटी सगळं पाण्यात गेलं. वाळवून चालू केलं की झालं, असं करत्यात लोकं.

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

वरून वाळलेलं दिसतं, वाइंडिंगच्या आत गाळ आणि ओल राहते. ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) फेज आणि बॉडीमध्ये मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर बटण दाबू नका, मोटर ओव्हनमध्ये वाळवायला पाठवा. पुरात गेलेल्या घरांचंही तेच. बोर्डातल्या एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारे स्विच) आणि आरसीसीबी पाण्यात बुडाल्या असतील तर धुऊनपुसून परत वापरू नयेत, बदलाव्यात.

शीतल_सायबरचौक

मोजलं! सकाळी सातला ८८ व्होल्ट. दुपारी दोनला ३. वायरमन मीटरकडे बघत राहिला. आता कात्री पिशवीत गेलीय.

पण तो आता वेगळंच म्हणतोय: "खड्डा खराब आहे ना, मग सॉकेटमध्ये न्यूट्रलमधूनच अर्थला लूप मारतो. सगळीकडे तसंच करतात."

तारजोड

नको! कात्री परवडली, हे नको.

आपल्याकडे खांबावरून येणारा न्यूट्रल वाऱ्यापावसात तुटतो, नाहीतर जोडावर जळतो. ज्या क्षणी तो तुटेल त्या क्षणी चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यामधून फेज तुमच्या न्यूट्रलवर येईल आणि त्या लूपमधून थेट मशीनच्या पत्र्यावर. पूर्ण २३० व्होल्ट, आणि तेही मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना. वर तुमची आरसीसीबीही वाट्टेल तेव्हा पडायला लागेल. मग हाच गडी येऊन तिला बायपास करेल.

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

८८ आणि ३, मग शंकाच नको. आता कुणाचा गीझर ते शोधायचं. सगळ्यांच्या घरी जाऊन गीझर उघडायची गरज नाही. उद्या सकाळी सातला मीटररूममध्ये क्लॅम्प मीटर घेऊन उभे राहा. प्रत्येक मीटरमधून फ्लॅटकडे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घ्या. निरोगी फ्लॅटला जवळपास शून्य दाखवेल, कितीही लोड असला तरी. ज्याची गळती आहे तिथे आकडा दिसेल. आरसीसीबी आत जे करते तेच तुम्ही हातानं कराल. वायरमनकडूनच करून घ्या, मीटररूममध्ये उघड्या जोडण्या असतात.

तालमीतला

काय डोकं हाय राव! आमच्या मंडळाच्या मांडवाला पण हे लागू हाय काय? लोखंडी पाइप, लायटिंग, आन् त्यात पाऊस.

तारजोड

भावा, तिथं तर सगळ्यात आधी. तात्पुरती जोडणी असली तरी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मांडवाच्या पेटीतच लावा. पाइपांना एकमेकांशी आणि अर्थशी तारेनं बांधा. वायरींचे जोड जमिनीवर ठेवू नका. बाकी वेगळा धागा काढ, तिथं लिहितो.

शीतल_सायबरचौक

सापडला! चौथा मजला. ३.८ अँपिअर. बाकी सगळीकडे शून्य किंवा शून्याच्या जवळ. तिथे भाडेकरू आहेत, नवरा-बायको दोघं नोकरीला जातात. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं, कारण त्यांच्या बाथरूममध्ये पाइप पीव्हीसीचा आणि नळ प्लास्टिकचा. गीझरचा स्विच बंद करून घेतला आणि खाली येऊन मोजलं तर ८८ चे २ व्होल्ट.

चेअरमन मात्र म्हणतात, "एमसीबी आहे ना त्यांच्याकडे, १६ अँपिअरची! खरंच गळती असती तर ती पडली असती." ह्याला काय उत्तर देऊ?

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ८८ व्होल्ट भागिले ३.८ अँपिअर म्हणजे सुमारे २३ ओहम. तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स एवढा आहे, त्यात डीपीच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचा थोडा वाटा धरा. आता गृहीत धरा की उद्या गीझरमध्ये फेज सरळ बॉडीला चिकटला. २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर. १६ ची एमसीबी १० अँपिअरला का पडेल? तिच्या दृष्टीनं तो साधा लोड आहे. तासन्‌तास चालू राहील, आणि तेवढा वेळ तुमच्या पाचही मजल्यांच्या फ्रिज, मशीन, गीझरच्या बॉडीवर दोनशे व्होल्टच्या आसपास बसलेले असतील.

लोकांना वाटतं खड्डा मारला की करंट जमिनीत जाऊन विषय मिटतो. हिशेब करून पाहा. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, आयएस ३०४३ ह्या अर्थिंगच्या भारतीय मानकात दिलेल्या सूत्रात घाला. नदीकाठची ओली काळी माती, रेझिस्टिव्हिटी (माती करंटला किती अडवते ते) १० ओहम-मीटर धरली तर साडेतीन ओहम येतात. ५० धरली तर साडेसतरा. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्याला ५०० धरले तर पावणेदोनशे ओहम! पाइप तोच, खर्च तोच. आणि साडेतीन ओहमच्या उत्तम खड्ड्यातही करंट ६५ अँपिअरच होतो. १६ ची सी टाइप एमसीबी झटक्यात पडायची खात्री १६० अँपिअरला मिळते. ६५ ला ती काही सेकंद तापून मग पडेल.

आता आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरला ती पडणारच, बहुतेक वेळा त्याच्या आधीच. पावणेदोनशे ओहमच्या रद्दी खड्ड्यातही ३० मिलिअँपिअर वाहतात तेव्हा पट्टीवर व्होल्टेज असतं सव्वापाच. कुणाला कळणारही नाही. म्हणून घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरच्या आत तुटणारं संरक्षण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत लिहिलंय, लहान भाराच्या जोडण्या सोडून. २०१० च्या विनियमांची जागा २०२३ साली नव्यांनी घेतली. चेअरमनना एवढंच विचारा की चौथ्या मजल्यावर ती का नाही.

पेठकर_जुना

आरसीसीबीचं कौतुक पुरे. मी बसवून पाहिलीय. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर गेलं, की पडायची. लाइट आली की परत पडायची. शेवटी काढून टाकली. (अर्थिंग नसताना बसवली होती, हेही सांगतो, नाहीतर तारजोड ओरडतील.)

तारजोड

ओरडत नाही! अर्थिंग नसतानाही आरसीसीबी काम करते, फक्त आधी कुणाला तरी शॉक लागतो आणि मग ती पडते. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या झाल्या पडते, माणूस मध्ये यायच्या आधी. दोन्ही हवेत ते ह्यासाठी.

तुमची पडत होती ती न्यूट्रल मिसळल्यामुळे. इन्व्हर्टरवाल्यानं फेज आरसीसीबीच्या आधी उचलला आणि त्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल मात्र घरच्या एकाच पट्टीवर, आरसीसीबीच्या नंतर सोडला. गेलेला आणि आलेला करंट जुळणार कसा? इन्व्हर्टरच्या पॉइंटना न्यूट्रलची वेगळी पट्टी द्यायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण जुन्या घरात कुठला न्यूट्रल कुणाचा हे शोधायचा कंटाळा येतो, म्हणून आरसीसीबी काढून हातात देतात.

शीतल_सायबरचौक

काल सोसायटीची मीटिंग झाली. आधी तासभर पार्किंग. मग हा विषय. चौथ्या मजल्याच्या मालकांनी गीझर बदलला. प्रत्येकानं आपापली आरसीसीबी बसवायची आणि खड्ड्याचा खर्च सोसायटीनं करायचा, असं ठरलं. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे गीझर नाही, सोलर आहे, आम्ही का? मी म्हटलं, फ्रिज आहे ना. सोलरला बॅकअपचं एलिमेंट असतं ते तारजोडकाका आधीच सांगतील.

दोन कोटेशन आलीत. एक जुन्या पद्धतीचं, पाइप, मीठ, कोळसा. दुसरं "केमिकल अर्थिंग, १ ओहम गॅरंटी", अडीचपट दर.

मेंटेनन्सवाला_उद्यमनगर

१ ओहम गॅरंटी कुठल्या महिन्यातली ते विचारा. जुलैत आपल्याकडे कुंडीत पाइप रोवला तरी बरा आकडा येईल. मे महिन्यात, अर्थ टेस्टरनं, तुमच्या समोर मोजून द्यायची तयारी असेल तर बोला.

खाली मुरूम असेल तर एका खड्ड्यावर पैसे ओतण्यापेक्षा दोन करा, दोघांत पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा, म्हणजे पाच मीटर. जवळजवळ केले तर दोघं एकाच मातीवर अवलंबून राहतात, दुसऱ्याचा फारसा फायदा मिळत नाही. इमारतीच्या भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. मीठ टाकलं की सुरुवातीला आकडा छान येतो, पण तेच मीठ जीआय पाइप खातं. आणि खड्ड्याच्या फनेलमधून उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नेमा, नाहीतर पुढच्या एप्रिलला परत २३ ओहम.

तारजोड

कोटेशनमध्ये मीटररूमची पट्टी बदलणं लिहून घ्या. आणि प्रत्येक फ्लॅटची वायर स्वतंत्र लगनं (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), स्वतंत्र बोल्टवर. गुंडाळलेल्या जीआय तारा काढून हिरवी तांब्याची वायर, फेजच्या वायरीएवढ्याच जाडीची. पट्टीपासून पार स्वयंपाकघरातल्या सॉकेटपर्यंत ती अखंड आहे का हे मीटरनं तपासून घ्या. खड्डा नवा आणि वायर बोर्डामागे लोंबकळलेली, असं फार बघितलंय. शिवाय पुरवठादारानं ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल द्यायचं असतं, तेही नियमात आहे. अर्ज करून ठेवा, मिळालं तर चांगलंच. काम परवानाधारक ठेकेदाराकडून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट सोसायटीच्या फायलीत लावा.

तुळशीची कुंडी हलवू नका म्हणणार होतो, रोज पाणी तरी पडत होतं. पण झाकण उघडता आलं पाहिजे.

शीतल_सायबरचौक

कुंडी फनेलच्या शेजारी सरकवलीय. पाणी घालायची पाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंची. दुसरं कोटेशनवाले मे महिन्याचं ऐकून परत फोन करतो म्हणाले, अजून केलेला नाही.

चौथ्या मजल्यावर काल आरसीसीबी बसली. गीझर नवा, तरी लावल्या लावल्या पडली. वायरमन म्हणतो, पीस खराब आहे.

तारजोड

पीस खराब नसणार. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे का विचारा. नसेल तर सगळ्या एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी चालू करा. जिच्यावर पडेल त्या लाइनचे सगळे प्लग काढून पुन्हा पाहा. तरी पडली तर बोर्ड उघडून न्यूट्रल आणि हिरवी वायर कुठे एकत्र बांधलीय ते शोधा. लूपवाला गडी तिथं आधी येऊन गेलेला असणार.